गाठोबा आणि एकशे चौदावा खण

गाठोबांना नात झाली त्या दिवशी दवाखान्यात काय घडलं ते आधी ऐका, म्हणजे माणूस कसा आहे हे वेगळं सांगायला नको. खाटेभोवती दोन्हीकडची मंडळी जमली होती आणि बाळाचं नाक कुणावर गेलंय यावरून गोडीगुलाबीचं भांडण लागलं होतं. विहीणबाई म्हणत होत्या, नाक आमच्याकडचं. गाठोबांची बायको म्हणत होती, नाक न्या तुम्ही, कपाळ मात्र आमचं आहे. आणि गाठोबा? त्यांनी बाळाच्या तोंडाकडे अजून बघितलंसुद्धा नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून, बाळाच्या पायाशी वाकून, ते घोट्याला बांधलेली नावाची चिठ्ठी तपासत होते. सिस्टरला म्हणाले, ही गाठ सुटणार. ती म्हणाली, आजवर एकही सुटलेली नाही. त्यावर यांनी विचारलं, की दोन बाळांच्या एकदम सुटल्या तर कुठलं बाळ कुणाचं हे तुम्ही नाकावरून ठरवणार का?  शेवटी तिनेच धागा आणून दिला. आजोबांनी नातीच्या घोट्याला स्वतःच्या हाताने गाठ मारली, तेव्हा कुठे ते वर सरकले, तिचं तोंड पाहिलं आणि ढसाढसा रडले.

गाठोबा हे नाव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हे. म्युझियममध्ये कुणीतरी चिडवायला म्हणून ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवे कारकून विचारायचे, हे गृहस्थ कोण? म्युझियम म्हणजे प्राण्यांचं. बघायला येणाऱ्यांना पुढच्या दालनांत पेंढा भरलेला वाघ आणि छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा दिसतो, लहान मुलं त्याच्याखाली उभी राहून दात मोजतात आणि घरी जातात. गाठोबांचं राज्य मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत उथळ खण, आणि खणांत चाळीस हजार पाखरं. जिवंत एकही नाही. पोटात कापूस भरलेली, डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे ठिपके, पाय एकमेकांवर टाकून सगळी उताणी झोपलेली. आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली: कुठे मिळालं, कधी, नर की मादी, पंखाची लांबी किती, कुणी आणलं.

हे काम त्यांना शिकवलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पाखराची कातडी पिसांसकट उतरवून ती दोनशे वर्षं टिकेल अशी भरणारे वस्ताद. डोक्यावर केस नव्हते, बोलण्यात गोडवा नव्हता, आणि हात असे की चिमणीएवढ्या जिवाची कातडी पायमोजा काढावा तशी सोलायचे. गाठोबा नोकरी मागायला आले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांचे वडील एका दुकानात पार्सलं बांधायचे, आणि पोरगाही त्याच गल्ल्यामागे उभा राहून काचसामान आणि औषधांच्या बाटल्या बांधत वाढलेला. मास्तरांनी शिक्षण विचारलं नाही. हातात दोरा दिला आणि म्हणाले, बांध. गाठोबांनी बापाची गाठ बांधली: दोन वेढे, मग उलटा फास, आणि टोकं दोन दिशांना. ओढाल तितकी आवळते आणि सोडायची म्हटलं तर नखाने सुटते. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि उद्यापासून ये म्हणाले.

मास्तरांचे नियम दोनच. पहिला: पाखरू किडलं तर चिठ्ठी ठेव, चिठ्ठी हरवली तर पाखरू फेकून दे. दुसरा: जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. चुकीची निघाली तरी नाही. तिच्याखाली दुसरी बांधायची आणि काय चुकलं ते लिहायचं. दुसरं काही शिकला नाहीस तरी चालेल, म्हणायचे.

गाठोबा चौतीस वर्षांत बरंच शिकले, आणि शिकलेलं घरीही घेऊन गेले. घरात असा एक डबा नाही ज्याला त्यांची चिठ्ठी नाही. छत्रीला चिठ्ठी, किल्ल्यांना चिठ्ठी, जावयाच्या बुटांना एकदा चिठ्ठी. बायको कपडे शिवून द्यायची, तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार. ती म्हणायची, मला तेवढी बांधू नका, मी कुठली ते मला माहीत आहे. पण चारचौघांत तीच कौतुकाने सांगायची, की आमच्या यांची चौतीस वर्षांत एक चिठ्ठी चुकलेली नाही. हे वाक्य मुळात गाठोबांचंच. आधी ते सांगायचे, मग बायको, मग सगळं म्युझियम. आणि त्याला जोडून दुसरी गोष्ट यायची: मास्तरांनी एकदा माझी गाठ निरखून पाहिली आणि म्हणाले, ही गाठ तुझी आहे, आयुष्यभर बदलू नकोस. एवढ्या खडूस माणसाने केलेली ही एकमेव स्तुती. शंभर वेळा सांगून झाली होती तरी सांगताना गाठोबांचा आवाज दर वेळी हलायचा.

आता एकशे चौदाव्या खणाकडे येऊ, कारण खरी गोष्ट त्यातच आहे.

त्या खणात बेचाळीस वटवटे आहेत. झुडपांत राहणारी, अंगठ्याएवढी, मातकट रंगाची पाखरं. दिवसभर नुसती बडबड. मास्तरांनीच ती एका मोठ्या नदीच्या दोन काठांवरून जमवली होती, एकवीस अलीकडची, एकवीस पलीकडची. आणि मास्तर छातीठोकपणे सांगायचे की ही दोन वेगळी पाखरं आहेत. का? तर पलीकडच्याची बडबड वेगळी आहे, शेवटी सूर खाली पडतो. मोठमोठे शास्त्रज्ञ आले, त्यांनी चोची मोजल्या, पंख मोजले, पिसांचे रंग उन्हात धरून पाहिले, आणि हसले. तसूभर फरक नाही. पाखरू एकच, म्हाताऱ्याचे कान वाजतात. मास्तर निवृत्त झाले, तेच म्हणत राहिले, तेच म्हणत गेले. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात गाठोबा भेटायला जायचे, तेव्हासुद्धा त्यांनी विचारलं होतं की एकशे चौदा नीट आहे ना. गाठोबा नीट आहे म्हणाले.

गाठोबांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना डॉक्टर आली. सुई टोचणारी नव्हे, पाखरांवर संशोधन करणारी डॉक्टर. तिशीतली पोरगी, केस कायम अर्धे सुटलेले, डबा खायचं विसरणारी. तिला जुन्या पाखरांच्या पायाच्या तळव्याचा तिळाएवढा तुकडा हवा होता.  बत्तीस वर्षं ज्यांना कसर लागू दिली नाही त्यांना ही चाकू लावणार! पहिला आठवडा ते तिच्या खांद्याशी पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. मग तिच्या हातातला हलकेपणा त्यांनी पाहिला आणि दुसऱ्या आठवड्यात ते तिला स्वतःच्या डब्यातलं वाढू लागले. तिसऱ्यात ती त्यांना काका म्हणू लागली.

जिन्यावर चहा पिताना तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. आत चहा न्यायला गाठोबांची बंदी होती, डॉक्टर असो की म्युझियमचे साहेब. ती म्हणाली, काका, प्रत्येक जिवाच्या अंगात एक लांबलचक मजकूर असतो, डीएनए म्हणतात तो. त्यातला एक भाग फक्त आईकडून लेकरांत उतरतो. आई नक्कल करून देते, लेक तिच्या लेकरांना नक्कल करून देते. नक्कल करताना क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत तशीच जाते. आता दोन काठांवर दोन कुळं वेगळी राहिली तर प्रत्येकाच्या चुका वेगळ्या साठत जाणार. त्या मोजल्या की कळतं, ही घरं एकमेकांपासून कधी तुटली. दिसायला ती एकसारखी असोत नाहीतर नसोत.

गाठोबांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, म्हणजे चुकांवरूनच सगळं कळतं? ती म्हणाली, चुकांवरूनच. चुकाच झाल्या नसत्या तर जगात एकच प्राणी असता. हे ऐकून ते उरलेला चहा तसाच टाकून उठले. तिला वाटलं, काकांना पटलं नाही.

निकाल आला तेव्हा निवृत्तीला दहा दिवस उरले होते. डॉक्टर जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत वर आली आणि म्हणाली, मास्तर खरे होते! अलीकडची एक रास, पलीकडची दुसरी, आणि दोघांत सहा-सात लाख वर्षांचं अंतर.  गाठोबा मास्तरांच्या जुन्या स्टुलावर बसले आणि रुमाल शोधू लागले. पण तिचा चेहरा काही पूर्ण हसत नव्हता. ती म्हणाली, एक गोम आहे. पाच पाखरं जुळत नाहीत. तिघांच्या पायात पलीकडची चिठ्ठी आहे पण आत मजकूर अलीकडचा. दोघांचं नेमकं उलट.

त्यांचा रुमाल हातातच राहिला.

ती सांगत होती, की साहेबांचं म्हणणं दोनच गोष्टी असू शकतात. एक म्हणजे चिठ्ठ्यांचा घोळ आहे, मग हा खणच कुचकामी, यावरून काहीच सिद्ध होत नाही. नाहीतर चिठ्ठ्या बरोबर आहेत, मग बेचाळिसांत पाच म्हणजे दोन्ही काठांची पाखरं सर्रास एकमेकांत मिसळतात. सर्रास मिसळतात ती एकच जात. घरं कधीतरी तुटली, पण पुन्हा एक झाली. ती म्हणाली, "आणि चिठ्ठ्यांचा घोळ तर शक्यच नाही. तुमची चिठ्ठी चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी लेखात तसं लिहिणार आहे, तुमच्या चौतीस वर्षांच्या हवाल्याने. शुक्रवारी पाठवते." आणि मग हळू आवाजात म्हणाली, मास्तर पुन्हा खोटे ठरतील याचं मात्र वाईट वाटतं.

 गाठोबा बरं म्हणाले आणि कपाटं झटकायला लागले.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत, आणि बायकोने विचारलं नाही. तिने बत्तीस वर्षं संसार केला होता, तिला माहीत होतं की हा माणूस ओढला की आवळतो. सकाळी ती मशीनवर कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती, तेव्हा हे समोर येऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. असं की नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. लग्न ठरलेलं होतं, आनंदात होते. मास्तर बहिणीच्या आजारपणामुळे आठ दिवस रजेवर गेले आणि त्याच आठवड्यात बाहेरचे बडे पाहुणे खण बघायला येणार होते. एकशे चौदामधल्या दहा चिठ्ठ्या दमट हवेने वाळक्या पानासारख्या आक्रसल्या होत्या. यांना वाटलं, मास्तर येतील तेव्हा सगळं कसं इस्त्री केल्यासारखं दिसलं पाहिजे. दहाही चिठ्ठ्या सोडल्या. क्रम न मोडता जाड रजिस्टराखाली दाबून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एकेक काढून ज्याच्या-त्याच्या पाखरासमोर मांडल्या. अगदी छान मांडल्या. आणि शिंक आली.

"शिंक?" बायको म्हणाली.

डांबरगोळ्यांची, ते म्हणाले. नवीन होतो, सवय नव्हती. एका शिंकेत दहा चिठ्ठ्या दहा दिशांना. मग दार लावून पंखांच्या लांब्या मोजल्या आणि चिठ्ठीवरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. सहा तर हातोहात लागल्या. चार उरल्या. चौघंही नर, चौघंही बावन्न मिलिमीटर. दोन अलीकडचे, दोन पलीकडचे. खिडकीपाशी तासभर धरून बघितले. दोघांची पोटं जरा पिवळसर वाटली, म्हणून त्यांना पलीकडची चिठ्ठी दिली. अंदाजपंचे.

मास्तर आल्यावर सांगणार होतो, ते म्हणाले. शपथ घेतली होती मनात. पण ते आले आणि... नाही सांगितलं. मग एक दिवस गेला, मग वर्ष गेलं, मग मीच सांगत सुटलो की माझी एक चिठ्ठी चुकली नाही. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

 बायकोला शिंकेवर हसू येत होतं आणि नवऱ्याचा चेहरा बघून येत नव्हतं. शेवटी म्हणाली, "बत्तीस वर्षं मी लोकांना सांगत फिरले ते वेगळंच. मला कशाला खोटं पाडलंत हो?" त्यावर यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, हे बघा, सांगितलंत तर तुमची मान खाली जाईल. नाही सांगितलंत तर मास्तरांची जाते, आणि ते बिचारे परत यायचे नाहीत सांगायला. तुम्ही तरी समोर आहात. "हे अस्तर बघा. वरून सुरकुती दिसते, दोष आत आहे. उसवल्याशिवाय कुणाला नीट करता येतं का? जा. आणि डबा न्या, ती पोरगी उपाशी असेल."

डॉक्टर नेहमीसारखी केस अर्धे सोडून बसली होती. गाठोबांनी डबा बाजूला ठेवला, एकशे चौदावा खण बाहेर ओढून टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली.  शिंकेपर्यंत आले तेव्हा तिने हातातलं पेन ठेवलं. बावन्न मिलिमीटरपर्यंत आले तेव्हा ती उभी राहिली.  गाठोबा शेवटी म्हणाले, "शुक्रवारी पाठवू नकोस, पोरी. माझा हवाला खोटा आहे." इतके दिवस ते तिला मॅडम म्हणत होते.

तिने विचारलं, कुठले चार ते आता कसं कळणार? गाठोबा म्हणाले, ते कळेल. मास्तर गाठ चपटी बांधायचे, टोकं अगदी मुळाशी कापायचे. माझी दोन वेढ्यांची. खणात चिठ्ठ्या सगळ्या मास्तरांच्या अक्षरातल्या आहेत, पण दहांवर दोरा माझा असणार.

दोघं भिंग घेऊन बसली. बेचाळीस पाय, बेचाळीस गाठी. दहांवर गाठोबांच्या बापाची गाठ निघाली, पार्सलावरची. त्या दहांतले चार बावन्न मिलिमीटरचे. डॉक्टरने स्वतः पंख मोजले, चारही वेळा बावन्न आले. मग तिने आपली यादी काढली, न जुळणाऱ्या पाचांची. पहिला: गाठोबांची गाठ. दुसरा: गाठोबांची. तिसरा, चौथा: तेच. दोन इकडचे तिकडे, दोन तिकडचे इकडे. चारच्या चार चुकले होते. अंदाजाने दोन तरी बरोबर यायला हवे होते, पण पिवळसर पोटाने यांना पुरतं फसवलं होतं.

पाचव्या पाखराचा पाय तिने भिंगाखाली धरला. चपटी गाठ, मुळाशी कापलेली टोकं. पंख चोपन्न मिलिमीटर. पलीकडची चिठ्ठी. ती कधीच सुटली नव्हती.

"काका, हा खरा आहे," ती म्हणाली, आणि हा खरा आहे असं तीनदा म्हणाली.

मग तिने त्यांना बसवलं आणि सांगितलं, की आता चित्र कसं झालं बघा. तुमचे चार बाजूला ठेवले की उरतं एकच पाखरू. त्याची कुठलीतरी पणजी-खापरपणजी अलीकडून नदी ओलांडून गेली असणार आणि पलीकडे तिने संसार थाटला असणार. सहा-सात लाख वर्षांची तुटलेली घरं, आणि त्यांत आपल्याला सापडलेली एक पळून गेलेली लेक. एका लेकीने दोन घरं एक होत नाहीत. पण मधली भिंत मातीची आहे, दगडाची नाही, एवढं मात्र तिने दाखवलं. यावरून आणखी किती प्रश्न निघतात! आता काठांवर जाऊन आवाज रेकॉर्ड करायला हवेत. सूर खरंच खाली पडतो का, आणि पडत असेल तर ही तिकडे कशी रुळली. मास्तरांचं म्हणणं खरं की खोटं एवढ्यावर हे थांबत नाही, ती म्हणाली, पण ते मूळचे बरोबर होते, हे आता लिहिता येईल.

गाठोबा ऐकत होते, पण त्यांची नजर खणावरून हलत नव्हती. डॉक्टरने भिंग पुसता पुसता सहज विचारलं, मास्तरांना या गाठी कधी दिसल्या नाहीत का? एवढं बारीक बघणारा माणूस.

"दिसल्या की. रजेवरून आले आणि हाच खण आधी काढला. एकेक पाय बघत गेले. मग म्हणाले ना, ही गाठ तुझी आहे, बदलू नकोस."

बोलून गेले आणि तिथेच थांबले.

त्या दिवसापर्यंत गाठोबा मास्तरांची चपटी गाठ शिकायचा प्रयत्न करत होते. ताव-ताव कागदाच्या चिठ्ठ्या करून बोटं दुखेपर्यंत बांधायचे, आपलीही तशीच बसावी म्हणून. आणखी महिनाभरात बसलीही असती, मग कुणालाच काही कळलं नसतं. मास्तरांनी पाय पाहिले, काय झालंय ते ओळखलं, पोराच्या तोंडाकडे बघून वाट पाहिली, आणि पोरगा काही बोलत नाही म्हटल्यावर एवढंच सांगितलं की तुझी गाठ तुझीच ठेव. आणि मग मरेपर्यंत अधूनमधून विचारत राहिले, एकशे चौदा नीट आहे ना.

बत्तीस वर्षं हे त्या बोलण्याला स्तुती समजत होते. गाठोबांनी चष्मा काढला आणि तसेच बसून राहिले. डॉक्टरला काय सुचलं कोण जाणे, तिने डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. दोघांनी पहिल्यांदाच त्या खोलीत, नियम मोडून, काही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार नव्या चिठ्ठ्या कापल्या. शाई तीच, काळी, न उडणारी. अक्षर मोत्यासारखं होतंच. प्रत्येकीवर लिहिलं, की वरची चिठ्ठी या पाखराची असेल असं समजू नये. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ती आपल्या मनाने सोडली आणि अंदाजाने बांधली. चूक माझी, मास्तरांची नाही. खाली तारीख आणि पगारपत्रकावरचं पूर्ण नाव. डॉक्टर म्हणाली, काका, इतकं लिहायची गरज नाही, मी लेखात नीट शब्दांत मांडते. ते म्हणाले, लेख तू लिही. ही चिठ्ठी दोनशे वर्षं राहणार आहे. जुन्या चिठ्ठ्यांना हात न लावता त्यांनी चारही नव्या त्यांच्याखाली बांधल्या. दोन वेढे, उलटा फास, टोकं दोन दिशांना.

साहेबांना दोघांनी जाऊन सांगितलं. साहेब कामात होते, बरं बरं म्हणाले, लेख पुन्हा दाखवा म्हणाले, आणि विसरले असावेत. कारण शनिवारी निरोपाच्या कार्यक्रमात, पुढच्या दालनात देवमाशाच्या सांगाड्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या तेव्हा, त्यांनी आधीच लिहून ठेवलेलं भाषण वाचलं. त्यात ते वाक्य होतंच. चौतीस वर्षांत यांची एकही चिठ्ठी चुकली नाही. टाळ्या पडल्या. विहीणबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या, मांडीवरच्या नातीचे हात धरून.

गाठोबांनी बायकोकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने फक्त मान हलवली, मशीनवर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाला आत या म्हणताना हलवते तशी. ते उठले.

"चार चुकल्या, साहेब," ते म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, माणूस विनयाने बोलतोय. साहेबही हसले. गाठोबा हसू ओसरेपर्यंत थांबले.

"एकशे चौदावा खण. चौघांच्या पायाला लिहून बांधलंय. मास्तरांना तेव्हाच कळलं होतं, मला आत्ता कळलं. कुणालाही वाटलं तर येऊन बघा. गाठ माझीच आहे."

एवढं बोलून ते खाली बसले.  मागच्या रांगेत डॉक्टर नाक पुसत होती. बायकोने खुर्ची जरा जवळ ओढली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.